बोंबलाच्या बर्फावरचं फूल

“माणसांना दिवसाआड पाणी, आणि वरच्यांचं झाड दिवसातून तीनदा न्हातंय. जावयाचेसुद्धा एवढे लाड कोणी—”

इथे आवाज एकदम तुटला.

दुसऱ्या मजल्यावरची हेमा हे आपल्या कुरडयांना सांगत होती. कुरडया ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या होत्या आणि वरून ठिबकणाऱ्या पाण्याने पुन्हा मऊ पडल्या होत्या. बरोबर तिच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, उत्तम धुरी फवाऱ्याची बाटली हातात धरून उकिडवे बसले होते. मध्ये एक सिमेंटची पट्टी आणि कबुतरांची जाळी, बस. वर कोणीतरी श्वास रोखून बसलंय हे हेमाला कळलं असावं, कारण तिने घाईघाईने “ऊन किती वाढलंय बाई” असं दुसरंच काहीतरी म्हटलं आणि ती आत गेली.

मानपाडा रस्त्यावरच्या ‘शुभंकर’ सोसायटीत ‘जावई’ हा शब्द धुरींच्या कानावर पडू न देण्याची एक अलिखित पद्धत होती. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं तर पत्रिका धुरींच्या दाराखालून सरकवली जायची. बेल वाजवली तर दोन शब्द बोलावे लागतील, आणि त्या दोन शब्दांत काय निघेल याचा भरवसा नाही. तीन वर्षांपूर्वी धुरींच्या समीक्षाने राजरत्न नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. धुरी गेले नाहीत. योगिनी, म्हणजे धुरींची बायको, अंजिरी साडी नेसून, पेढ्यांचा डबा घेऊन एकटी गेली, चार वाजता परत आली आणि रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळायला बसली. त्यानंतर कोणी विचारलंच तर धुरी म्हणत, “त्या दिवशी जमलं नाही.” काय जमलं नाही, हे कोणी विचारत नसे. मुलाचं नाव आणि आडनाव ऐकल्यावर सगळ्यांनाच ते कळलेलं होतं. ज्यांना कळलेलं असतं ते विचारत नाहीत, हा सोसायट्यांचा अगदी जुना नियम आहे.

समीक्षाची खोली जशीच्या तशी होती आणि खोलीबाहेरच्या बाल्कनीत तिचं झाड होतं.

झाड म्हणजे दिसायला काही नाही. आंब्याच्या लाकडाच्या ओंडक्यावर सुतळीने बांधलेल्या, बुंध्याशी फुगीर अशा काड्यांचा एक झुबका. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने “हे बांडगूळ कशाला ठेवलंय?” असं विचारलेलं होतं. समीक्षा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत असताना ठाण्याच्या एका प्रदर्शनातून बोटभर काडी घेऊन आलेली. त्याचं नाव तिने सांगितलं होतं कबुतर ऑर्किड. पांढरी फुलं येतात, पंख पसरून उडणाऱ्या कबुतरासारखी. सगळी एकाच दिवशी उमलतात आणि त्याच संध्याकाळी मिटतात. “एका दिवसासाठी एवढा खटाटोप?” असं धुरींनी तेव्हा विचारलं होतं. समीक्षा म्हणाली होती, “बाबा, तुमच्या लग्नालापण एकच दिवस लागला होता.” धुरी हसले होते. त्या काळात ते हसत असत.

तिच्यामागे तीन वर्षं त्यांनी ते झाड वाढवलं. काड्यांवर गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या यायच्या आणि तशाच वाळून जायच्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात योगिनीने लसूण सोलता सोलता सांगितलं, “मे महिन्यात दोघं कोइमतूरला चाललीत. राजरत्नला तिकडे बढती मिळालीये. त्याच्या आईलापण नेतायत. शहाडचं घर भाड्याने देणार.”

“हं,” धुरी म्हणाले.

मग ते बाल्कनीत गेले आणि तासभर झाडाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मनात एक बेत आकार घेत होता. झाड फुललं, तर फोन करता येईल. तुझं झाड फुललंय, बघायला ये. यात कोणी कोणापुढे नमलं, असं होत नाही. खरं म्हणजे पोटच्या मुलीला बोलवायला बापाला कारण लागू नये. पण धुरींनी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं, आणि स्लिपशिवाय त्यांनी कोणाला एक खिळा दिलेला नव्हता. माणसाची सवय निवृत्तीच्या दिवशी नारळ घेताना परत करता येत नाही.

समीक्षाच्या टेबलाच्या खणात तिची वही सापडली. त्यात तिच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: ‘कळ्या तयार होऊन झोपून राहतात. हवा अचानक पाच-सहा अंशांनी थंड झाली की जाग्या होतात. त्यानंतर नऊ दिवसांनी फूल.’

एप्रिलमध्ये, डोंबिवलीत, अचानक थंड. धुरींनी आकाशाकडे पाहिलं. आकाशाचा तसा काही विचार दिसत नव्हता. घरात एसी नव्हता, कारण एसीने सांधे धरतात असं धुरींचं मत होतं आणि ते मत त्यांनी दर उन्हाळ्यात घाम पुसत मांडलेलं होतं.

पहिला प्रयोग ओल्या गोणपाटाचा. झाडाला गोणपाटाची खोळ घालून त्यावर सतत फवारा मारायचा. त्यातून हेमाच्या कुरडया भिजल्या, हे सुरुवातीला आलंच आहे. तापमान मोजायला धुरींनी घरातला तापाचा थर्मामीटर झाडाच्या बगलेत ठेवला. दोन दिवस झाडाला ताप नाही एवढंच कळलं. मग त्यांनी भिंतीवर टांगायचा थर्मामीटर विकत आणला आणि एक वही घातली: वेळ, अंश, शेरा. दोन दिवसांत फरक दीड अंश. शेरा: ‘खाली तक्रार.’

दुसरा प्रयोग फ्रिजचा. योगिनी देवळात गेल्याचं बघून त्यांनी मधले दोन कप्पे काढले आणि झाड आत उभं केलं. पण आत अंश किती झाले हे बघायला दर पाच मिनिटांनी दार उघडायचे, त्यामुळे झाड सोडून सगळं स्वयंपाकघर गार झालं. योगिनी परत आली तेव्हा डोशाचं पीठ ओट्यावर उतू गेलेलं आणि फ्रिजमध्ये ओंडका.

“अहो, उद्या मी गेले तर मलापण त्याच कप्प्यात ठेवाल का?” ती म्हणाली.

“समीक्षाचं झाड आहे,” धुरी म्हणाले.

तीन वर्षांत मुलीचं नाव त्यांच्या तोंडून आलेलं योगिनीने ऐकलं नव्हतं.  तिने फडकं घेतलं आणि पीठ पुसायला लागली, बराच वेळ, जिथे सांडलेलं नव्हतं तिथेही.

एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना वास लागला. मोरूकाका सेक्रेटरी होऊन सोळा वर्षं झाली होती आणि त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं कार्य म्हणजे कबुतरांविरुद्धची मोहीम. सगळ्या बाल्कन्यांना जाळ्या त्यांनी मारून घेतल्या होत्या. जिन्यात पाटी होती: ‘कबुतरांना दाणे घालणाऱ्यांची नावे फलकावर लावण्यात येतील.’ त्यांना कोणीतरी सांगितलं की धुरी घरात कबुतर वाढवतायत.

“झाड आहे हो मोरूकाका. नुसतं नाव कबुतर.”

“नावात कबुतर आहे ना? मग उद्या दुसरा म्हणेल, मलापण ठेवायचंय. अर्ज द्या.”

अर्ज दिला. विषय: ‘बाल्कनीत कबुतर ठेवण्याबाबत.’ धुरींनी ‘ऑर्किड’ लिहून दिलं होतं, पण मोरूकाकांनी स्वतःच्या पेनाने खोडलं, कारण सभेला समजेल अशा भाषेत पाहिजे. तीन अटींवर परवानगी मिळाली. झाड जाळीच्या आत राहील. झाडामुळे पक्षी आकर्षित झाल्यास सर्वस्वी जबाबदारी सभासदाची. आणि ‘सदर कबुतर उमलल्यास’ समितीला पूर्वसूचना देण्यात यावी. ही तिसरी अट मोरूकाकांनी का घातली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्यांनी पुढे हळूच विचारलं, “मुलीचं ना हे?” आणि धुरी “हो” म्हणाल्यावर कागदावर शिक्का जरा सांभाळून मारला, जसा दुखऱ्या जागेवर हात ठेवतात.

बर्फाची कल्पना योगिनीची. म्हणजे ती म्हणाली नाही; तिने शनिवारी सकाळी मासे आणायची पिशवी धुरींच्या हातात दिली आणि म्हणाली, “हौसाबाईकडे बघा, किती बर्फ असतो तिच्याकडे.”

हौसाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, चाळीस वर्षं बाजाराच्या कोपऱ्यावर बसणारी. धुरींनी तिच्याकडे बर्फाची अख्खी लादी मागितली तेव्हा तिने कोयता बाजूला ठेवला आणि आवाज उतरवला.

“लादी? आख्खी? कोन गेला रं दादा घरान?”

“कोणी नाही. झाडाला पाहिजे.”

“झाराला बरफ?” ती शेजारणीकडे वळली. “ऐकलास कं गो? झाराला बरफ देतंय ह्यो. आमाला बसाला सावली नाय.” पण तिने दिली. वर लादीखालचा चुराही थर्माकोलच्या खोक्यात भरून दिला. त्या चुऱ्यात काल रात्रीपासून बोंबील झोपले होते.

ओंडका टबात, भोवती बर्फ, वरून गोणपाटाची खोळ. दुपारी दोन वाजता थर्मामीटर छत्तीसवरून सत्तावीसवर आला. नऊ अंश! धुरींनी वहीत लाल शाईने लिहिलं. चार वाजता बाल्कनीच्या जाळीबाहेर, पाण्याच्या पाइपवर, एक मांजर येऊन बसलं. साडेचारला तीन. बर्फाचं पाणी टबाच्या काठावरून खाली गेलं ते हेमाच्या ग्रिलमधून थेट तिच्या चैत्राच्या हळदीकुंकवाच्या तयारीवर. आंब्याची डाळ, पन्हं आणि तिसऱ्या मजल्यावरून बोंबील.

हेमा वर आली. तोंड उघडलं. बाल्कनीच्या दारातून तिला दिसलं की साठी उलटलेला एक माणूस बनियनवर, हाताने बर्फाचे तुकडे एका काडीभोवती रचतोय, बाळाला उशा लावाव्यात तसे. तिने तोंड मिटलं.

“काकू, मिक्सर आहे का रिकामा?” एवढंच तिने योगिनीला विचारलं. “डाळ परत वाटते.”

आता नऊ दिवस. पण नऊ दिवस मोजायचे कुठून, यावर जिन्यात खल झाला. शनिवारी बर्फ दिला. म्हणजे शनिवार पहिला की रविवार?

“यात विचारण्यासारखं काय आहे?” मोरूकाका म्हणाले. “मूल जन्मलं तो दिवस धरूनच बारसं मोजतात. शनिवार एक. रविवारी नववा.”

“सुतकातपण तो दिवस धरतात,” हेमा म्हणाली आणि पुन्हा जीभ चावली.

योगिनी म्हणाली, “तिने ‘नऊ दिवसांनी’ लिहिलंय.”

“तेच ते,” मोरूकाका म्हणाले. आजवर तीसेक बारशी त्यांनी स्वतः मोजून दिली होती आणि एकही चुकलं नव्हतं. धुरींनाही ते पटलं. शिवाय रविवार सोयीचा होता. पाहुण्यांना सुट्टी असते. आपल्या लोकांना निसर्गाने रविवारी काही केलं की बरं वाटतं.

आठवडाभर कळ्या खरंच फुगत गेल्या. दाणा, शेंगदाणा, बोर. वहीत रोज सकाळ-संध्याकाळ नोंद. मोरूकाकांनी सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकलं: ‘रविवारी सकाळी सात वाजता श्री. धुरी यांचे कबुतर उमलणार आहे. सर्वांनी उपस्थित राहावे.’ त्याखाली बावीस लोकांनी हात जोडले.

समीक्षाला निरोप लिहायला धुरींना बुधवार ते शुक्रवार लागले. ते लिहायचे, खोडायचे, चष्मा पुसायचे. योगिनी मागून येऊन उभी राहिली तेव्हा फोनवर होतं: ‘तुझं झाड रविवारी फुलणार आहे. सकाळी सातला ये.’

“दोघांना बोलवा,” योगिनी म्हणाली.

“ती येताना आणेलच ना.”

“ती आणेल. तुम्ही बोलवा.”

धुरींचा अंगठा बराच वेळ अक्षरांवर फिरत राहिला. मग त्यांनी आहे तसाच निरोप पाठवून दिला. पुढे कितीदा तरी त्यांना वाटलं की तो अंगठा त्या वेळी कोणी पिरगाळला असता तर बरं झालं असतं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘बघते, बाबा.’

रविवारी पावणेसातलाच घर भरलं. मोरूकाका झब्बा घालून आले. हेमाने नारळ आणला, कारण रिकाम्या हाताने कसं यायचं. हौसाबाई बाजाराला जाता जाता टोपली खाली ठेवून तीन जिने चढून आली, “माज्या बरफानं काय केला त्यो बगाला.” माणसं पाळीपाळीने बाल्कनीत डोकावत होती. कळ्या टपोऱ्या, पांढुरक्या, घट्ट मिटलेल्या.

सात वाजले. सव्वासात. साडेसात.

“लाजतंय,” कोणीतरी म्हणालं.

“गर्दी केल्यावर बाळंतीण तरी काय करणार?” हेमा म्हणाली. “मागे व्हा सगळे.”

सगळे मागे झाले. आठ वाजता मोरूकाकांनी वेळ काढायला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चार शब्द सांगितले. एकाने पंखा लावा म्हटलं, दुसऱ्याने बंद करा. एकाने सुचवलं की कळीला हलकेच फुंकर मारून बघावी. धुरींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ पोह्यांकडे वळला. कोणत्याही मराठी समारंभात मुख्य गोष्ट फसली की लोक जेवणाची स्तुती करू लागतात. साडेआठला “पोहे मात्र छान झालेत हं” ऐकू यायला लागलं आणि धुरींनी ओळखलं की आता काही खरं नाही.

हौसाबाई निघताना म्हणाली, “फुलंल रं. नको मनाला लावू. मासलीपन भरती बगून येते.”

धुरी मात्र कळ्यांकडे पाहतच नव्हते. जिन्यात पावलं वाजली की त्यांची मान दाराकडे वळत होती. प्रत्येक वेळी कोणी दुसरंच. दहाला सगळे गेले. स्वयंपाकघरात ओट्यावर पोह्यांच्या दोन ताटल्या वर ताटल्या झाकून ठेवलेल्या होत्या. धुरींनी त्या मोजल्या. मोजायची गरज नव्हती. योगिनीने एकीवरची ताटली काढली, पोहे पुन्हा कढईत टाकले, मग दुसरीतले.

“बघते म्हणाली होती,” धुरी म्हणाले.

“हो,” योगिनी म्हणाली.

सोमवारी पहाटे त्यांना वासाने जाग आली. आधी वाटलं, हेमाकडे काहीतरी चाललंय. मग कळलं की हा वास खालून येत नाहीये. ते अनवाणी बाल्कनीत गेले. रात्रभरात सगळी काडी पांढरी झाली होती. पंख पसरून, माना पुढे काढून, आता उडतील की काय अशी. त्यांनी मोजली. त्रेचाळीस. पुन्हा मोजली.

“योगिनी! अगं, लवकर ये!”

ती आली आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली. दोघंच. मोरूकाका रक्त तपासायला गेलेले, हेमा ऑफिसच्या गडबडीत, बावीस हात जोडलेल्यांपैकी कोणीही जागं नाही.

“फोटो पाठवते तिला,” योगिनी फोन उचलत म्हणाली.

“नको.”

“संध्याकाळी मिटेल हो. मग काय दाखवणार?”

 धुरींनी इस्त्रीचा शर्ट घातला. ओंडका आकड्यावरून काढला. योगिनीने जुनी चादर आणली आणि झाडाभोवती सैल गुंडाळली.

“तू तयार हो ना,” ते म्हणाले.

“मी नाही येत. मी तीन वर्षं जातेच आहे. आज तुम्ही जा.”

गेटवर मोरूकाकांनी गाठलंच. हातावर कापूस चिकटवलेला, तरी त्यांनी रजिस्टर उघडलं. “सामान बाहेर जाताना नोंद पाहिजे, धुरी. काय लिहू?” चादरीचं टोक बाजूला करून त्यांनी पाहिलं आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा रजिस्टर न लिहिता मिटलं. “अरेच्चा,” ते म्हणाले. “म्हणजे तो दिवस धरायचा नव्हता.” आणि मग खालच्या आवाजात, “जा, जा. सरळ जा.”

रिक्षा मिळेपर्यंत नऊ वाजले. शहाड म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, “काका, तिकडे पुलावर पॅक असतं. आणि हे काय, पेशंट आहे का?” पहिल्या गतिरोधकालाच तीन फुलं गळली. धुरींनी झाड छातीशी धरलं. वारा लागू नये म्हणून पाठ वळवून बसले, त्यामुळे कल्याणपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी रिक्षाच्या मागच्या रेक्झिनकडे बघत केला. पत्री पुलाजवळ पाऊण तास गाडी हलली नाही. ऊन चढलं. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने हेल्मेटमधून विचारलं, “कुठे मिळतात हो ही?” आणि धुरींना एरवी सुचली असती ती सगळी माहिती आठवली, बर्फासकट, पण तोंडातून निघालं एवढंच: “मुलीचं आहे.” ही कबुली त्यांनी अनोळखी स्कूटरला दिली, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

मध्ये रस्ता चुकला, कारण पत्ता धुरींनी कधी घेतलेलाच नव्हता. योगिनीला दोनदा फोन करून विचारावा लागला. शहाडला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन मजले. दारासमोर उभं राहून त्यांनी चादर बाजूला केली. एकतीस फुलं.

दार राजरत्नने उघडलं. चष्मा, हाताला खोकी चिकटवायची टेप लागलेली. 

“या, काका,” तो म्हणाला.

तो ‘बाबा’ म्हणाला नाही. धुरींना सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच, त्याच जागी, काहीतरी टोचलं.

आत घर अर्धं खोक्यांत गेलेलं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. राजरत्नची आई रंगूबाई खुर्चीत बसून पुस्तकांना पेपर गुंडाळत होत्या. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या बाई. नजर अजून वर्गावरची. धुरींना का कोण जाणे, आपण तास सुरू झाल्यावर वर्गात शिरलो असं वाटलं.

“समीक्षा ठाण्याला लॅबमध्ये गेलीये. माजिवड्याला,” राजरत्न म्हणाला. “मी फोन करतो, लगेच निघेल.” त्याने आतल्या खोलीत जाऊन फोन केला आणि बाहेर येऊन झाड खिडकीपाशी, सावलीत टेकवून ठेवलं. कसं धरायचं ते त्याला माहीत होतं. पाणी दिलं. धुरींना, मग झाडाला.

वाट बघायची म्हणजे बोलावं लागणार. धुरी बोलू लागले. गोणपाट, तापाचा थर्मामीटर, फ्रिज, मोरूकाकांचा अर्ज. गोष्ट मांजरांपाशी आल्यावर राजरत्न हसायला लागला, मोठ्याने, डोकं मागे टाकून. रंगूबाईंच्याही तोंडाला कोपऱ्यात वळण पडलं. धुरी चढले. त्यांनी मोरूकाकांचा आवाज काढून दाखवला. किती वर्षांनी ते असं काही सांगत होते, आणि समोर बसलेला मुलगा बरोबर हव्या त्या जागी हसत होता. हे असं तीन वर्षं होऊ शकलं असतं, हा विचार मधेच कुठून तरी आला आणि त्यांची गोष्ट अडखळली.

“…तर रविवारी सगळे जमले, आणि फूल नाही. आम्ही तो दिवस धरून मोजलं.”

“हो, समीक्षा म्हणालेली,” राजरत्न म्हणाला. “शनिवारी बर्फ दिल्याचं तिच्या आईंनी सांगितलं होतं तिला. ती तेव्हाच म्हणाली, बाबा एक दिवस लवकर बोलवतायत, सोमवारी उमलणार.”

“तिला माहीत होतं?”

“तिचंच झाड आहे ना.” राजरत्न टेपच्या रिळाशी खेळत राहिला. “आज सकाळपासून तिने तीनदा फोन केला. बाबांचा मला काही फोन आला का, विचारायला.”

मग काल ती का नाही आली, हा प्रश्न खोलीत सगळ्यांच्या मध्ये येऊन बसला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. रंगूबाईंनी भात टाकला. धुरी जेवले. भाजी छान झालीये म्हणाले. दोनदा म्हणाले.

समीक्षाला यायला साडेचार वाजले. माजिवड्यापासून शहाडपर्यंत काय काय अडलं असेल ते असेल. ती दारातच चप्पल एका पायात तशीच ठेवून थांबली. आधी झाड बघितलं, मग बापाला. बारीक झाली होती. केस कापले होते. हे धुरींना कोणी सांगितलं नव्हतं.

ती खिडकीशी गुडघे टेकून बसली. फुलांच्या पाकळ्या कडेने आत वळायला लागल्या होत्या. वास अजून होता, पण दमलेला.

“मिटायला लागली,” ती म्हणाली.

“सकाळी त्रेचाळीस होती,” धुरी घाईघाईने म्हणाले. “मी मोजली. रिक्षात काही गेली. म्हणजे पुलावर एवढा ट्रॅफिक, आणि तो रिक्षावाला ब्रेक असा मारतो… पुढच्या वेळी काय करायचं, बर्फ आदल्या—”

“बाबा, पुढच्या वेळी आम्ही इथे नसणार.”

“हो. हो, ते आहेच. मग कोइमतूरला कसं आहे हवामान? तिकडे रात्री गार होतं म्हणे. झाडाला बरंच—”

“धुरी,” रंगूबाई म्हणाल्या.

हातातलं पुस्तक त्यांनी खोक्यावर ठेवलं. आवाज चढलेला नव्हता. चौतीस वर्षांत त्यांना तो चढवावा लागला नसणार.

“झाडाचं झालं. फार मेहनत घेतलीत, दिसतेय. पण पोरगी काल का नाही आली ते तुम्हाला कळलंय, आणि तुम्हाला कळलंय हे आम्हालाही कळलंय. तीन वर्षं या घरात आम्ही सगळे तुमच्या बाजूने सबबी सांगतोय. आता आम्ही गाव सोडून चाललोय. तुम्ही लग्नाला का आला नव्हतात?”

राजरत्न म्हणाला, “आई, असू दे ना.”

“नाही रे. त्यांना बोलू दे.”

खिडकीपाशी एक फूल सुटलं आणि फरशीवर पडलं. समीक्षाने ते उचललं नाही. ती बापाकडे बघत होती, आणि लहानपणी ताप आला की जशी बघायची तशी बघत होती. धुरींनी सवयीने खिशाला हात लावला. तिथे वही होती, अंश होते, वेळ होती, लाल शाईतला शेरा होता. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. पहिल्यांदा त्यांनी नीट त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलं.

“मी जात बघितली, राजरत्न,” ते म्हणाले. “तुला बघितलंच नाही.”